फुटाला एक सूत जास्त

मी, एलिया केरबा समुद्रे, वय ७९, राहणार राजारामपुरी नववी गल्ली, कोल्हापूर, पूर्वीचा धंदा फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत असं वकिलांनी सांगितलं. ज्या देवाला मी आजवर डोळ्यांनी पाहिलेलं नाही, त्याचे आधी आभार मानतो आणि मग वाटणीकडे वळतो.

कलम १. मार्च २०२३ मध्ये केलेले माझे मृत्युपत्र याद्वारे पूर्ण रद्द समजावे. माझी एकुलती मुलगी प्रियदर्शनी पुन्हा चर्चला येऊ लागली तरच घर तिला, नाहीतर चर्चच्या मंडळीला, अशी अट त्यात होती. ती माझा धाकटा भाऊ सयाजी याच्या सांगण्यावरून घातली. देवाला न मानणारीला घर दिलंस तर वर जाऊन काय तोंड दाखवणार, असं तो म्हणाला होता. बोलणं त्याचं असलं तरी सही माझी होती. दोष माझा.

कलम २. राहते घर, दोन खोल्या व पोटमाळा, तसेच बँकेतील ठेवीतून दवाखाना व दफनाचा खर्च जाऊन उरेल ते, प्रियदर्शनीस. अट कोणतीही नाही.

कलम ३. रंधे, पटाशा, लेथ आणि सागवानाचे तुकडे तोहिद यास. हा माझे उस्ताद लालासाब मिस्त्री यांचा नातू. मिस्त्रींनी मला सोळाव्या वर्षी हाताखाली घेतलं आणि रविवारची सुट्टी न मागता दिली. त्यांचे उपकार फिटणारे नाहीत. हत्यारं भंगारात घालू नयेत, घातल्यास मी वरून बघतोय.

याच मिस्त्रींकडून मला देवाबद्दल जे कळलं ते इथेच लिहितो, कारण मुलगी विचारते आणि मला तोंडाने सांगता येत नाही. पॅटर्न म्हणजे हव्या त्या भागाचं लाकडी रूप. ते वाळूत दाबायचं, वाळू ठोकायची, मग अलगद काढून घ्यायचं. उरलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतला की भाग, म्हणजे कास्टिंग, तयार. गिऱ्हाईक कास्टिंग घेऊन जातं, पॅटर्न त्याला जन्मात दिसत नाही. पहिल्या दिवशी मी खुळ्यासारखं विचारलं होतं, एवढं घासूनपुसून केलं ते गेलं कुठं? मिस्त्री म्हणाले, "जातंय कुठं? काम करून बाजूला झालंय. आतच बसलं तर लोखंडाला जागा कुठली रं?"

देव दिसत का नाही, याचं मला तरी यापेक्षा बरं उत्तर मिळालेलं नाही. तो बाजूला झाला म्हणून आपल्याला जागा मिळाली. आणि ज्याने कधी पॅटर्न पाहिला नाही, तोही कास्टिंगकडे बघून सांगेल की हे आपोआप झालेलं नाही.

कलम ४. माझी दिवंगत बायको रूथ हिचं शास्त्र, म्हणजे बायबल, व चष्मा प्रियदर्शनीनेच ठेवावा. न वाचल्यास माझी हरकत नाही. रूथ अंथरुणाला खिळली तेव्हा ही पोर दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायची आणि घरी येऊन आईचं सगळं करायची. चौदा महिने. एकदा आईचे पाय पुसता पुसता म्हणाली, "पप्पा, कुठं हाय तुमचा देव? दावा की मला." उत्तर समोर होतं, तिच्याच हातात ओलं फडकं घेऊन बसलेलं. मला तो तिथे दिसला, आणि दुसऱ्याच वर्षी मी तिच्यावर अट घातली. काय म्हणावं मला!

कलम ५. हार्मोनियम सयाजीस. तो भांडतो वाईट, पण गातो असं की भांडण विसरावं. या मृत्युपत्रावर साक्षीदार होण्याची त्याची फार इच्छा होती. नको म्हटलं.

कलम ६. माझी पॅटर्नची पोलादी पट्टी प्रियदर्शनीस. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून या पट्टीवरचा फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मोठा असतो. साध्या कामाला ती कधीही वापरू नये. १९८९ साली चर्चचं सात फुटी दार मी केलं ते सात सूत उंच झालं आणि चौकटीत बसेना. सगळी मंडळी हसली. तू नऊ वर्षांची, हत्यारं हाताशी द्यायला बसलेली. पोरीने चुकीची पट्टी दिली असं सांगून मी तुला सगळ्यांदेखत थोबाडीत मारली. तू रडली नाहीस, नुसती माझ्याकडे बघत राहिलीस. पाळकसाहेबांनी तुला जवळ घेतलं, मी घेतलं नाही.

आज सही करण्याआधी लिहितो. तू साधीच पट्टी दिली होतीस, बाळ. ती बाजूला ठेवून ही मी उचलली होती.

सही: एलिया केरबा समुद्रे

आमच्यादेखत, पूर्ण शुद्धीवर असताना, वाचून सही केली:
१. नृसिंह गोविंद कारेकर, निवृत्त शिक्षक, शेजारी
२. गणपतराव भाऊसो चौगले, फौंड्रीतील जुने सहकारी

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५