मुका बाजार

८ नोव्हेंबर १९७६, सोमवार

आजही आली! आमच्या क्वार्टरची भिंत ठाण्याला लागून आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीतून फाटक समोर दिसतं. नूरबी तिथे उभी. एकच प्रश्न — "माह्या माणसाले कोठी ठेवलं, साहेब?" शिपाई म्हणतो, "आमच्यापाशी नाही. जाय घरी." ती हलत नाही. दिवस मावळला की जाते, सकाळी पुन्हा हजर.

तिचा माणूस रहेमतुल्ला. इथला शिंपी. नसबंदीची गाडी गावात आली तेव्हा कापूस वेचून परतणाऱ्या माणसांना धरधरून आत कोंबत होते. हा गाडीपुढे जाऊन उभा राहिला. हात जोडून म्हणाला म्हणे, "माणसं हायेत हे. इचारा तरी त्यायले!" एवढंच बोलला. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी दुकानातून उचलला. बाही मशीनच्या सुईखाली तशीच राहिली.

यांना विचारलं. हे इथले फौजदार, यांना ठाऊक नाही असं कसं होईल? म्हणाले, "ठाण्याचं घरात नोको आणू, आशा." अर्ध्या जेवणावरून उठले.

९ नोव्हेंबर

आली. दिवसभर उभी. मी खिडकी लावून घेतली. मग राहवेना — पुन्हा उघडली.

११ नोव्हेंबर, गुरुवार

मेहकरचे भगवंतराव वकील तिला भेटायला आले. फाटकाशीच बोलणं झालं, मला सगळं ऐकू आलं. म्हणाले, "आणीबाणी आहे, नूरबी. माणूस कुठे ठेवला एवढं विचारायलासुद्धा आता कोर्टात जाता येत नाही. मी काय करू, सांग." एवढा मोठा वकील, आणि चष्मा काढून डोळे पुसत होता! तीच त्यांना समजावू लागली — "कोर्टाची वाट बंद झाली, वकीलसाहेब. ठाण्याची तं चालू हाये ना? मी येत जाईन."

येत जाईन! बाजारहाटाला जाते म्हणावं तसं म्हणाली. मी फौजदाराची बायको. रस्त्यानं निघाले तर लोक बाजूला होतात. आणि मला माझ्याच घरात तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारवत नाही. हे बळ ती आणते कुठून? पायात धड चप्पल नाही तिच्या.

१५ नोव्हेंबर

गोजरबाई मेथी घेऊन दारावर आली. ही बाजारात भाजी विकते, मी तिला मावशी म्हणते. नूरबीला तिनं पाणी दिलं, तर शिपाई अंगावर आला म्हणे — "हिच्याशी जो बोलन, त्याचं दुकान बाजारातून उठवीन!" साऱ्या बाजाराला तसं बजावून गेले आहेत.

मी म्हटलं, "मग मावशी, आता?"

टोपली डोक्यावर घेत म्हणाली, "बोलाचं नाही म्हंतेत ना? बरं. नाही बोलत!" आणि हसली. त्या हसण्याचा अर्थ मला लागला नाही.

१८ नोव्हेंबर, गुरुवार

कसं लिहू!

दर गुरुवारी सकाळपासून बाजाराचा गलका घरात घुसतो. आज काहीच नाही. वाटलं, बाजार भरलाच नाही. पिशवी घेऊन गेले तर — बाजार गच्च भरलेला! डोणगावचे, साखरखेर्ड्याचे, सगळे आलेले. मिरच्यांचे ढीग, गुळाच्या भेल्या, घोंगड्या, मडकी. आणि आवाज नाही. कोणी ओरडत नाही, कोणी भाव करत नाही. तराजूची पारडी वाजतात, बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजतात, बस. भाव बोटांनी दाखवायचा, घेणाऱ्यानं मान हलवायची. कासार, तेली, बागवान, पाटलांच्या घरच्या बाया — सगळे मुके!

गोजरबाईपाशी गेले. "मेथी कशी दिली, मावशी?" तिनं बोटं दाखवली. मी म्हटलं, "अहो, बोला ना!" तिनं नुसती मान वळवून ठाण्याकडे पाहिलं. तिथे फाटकाशी नूरबी उभी होती. भर बाजारात तिचा एकटीचा आवाज — "माह्या माणसाले कोठी ठेवलं, साहेब?"

बाजाराच्या पार टोकापर्यंत ऐकू गेला तो. असं मी कधी ऐकलं नव्हतं. देवळात उभी असते तशी उभी राहिले. मग मीही बोटांनीच भाव केला.

दुपारी हे घरी आले. टोपी काढून ओट्यावर बसले. "मेहकरहून फोनवर फोन येऊन राह्यले. म्हंतेत, पकडा. कोणाले पकडू? न बोलल्याचं कलम कोठी हाये?" चेहऱ्यावर राग नव्हता. यांनाही काहीतरी झालं होतं.

१९ नोव्हेंबर

वरून हुकूम आला. उद्या नूरबीला उचलायचं. जेवताना यांनीच सांगितलं — "ठाण्याचं घरात नोको आणू" म्हणणाऱ्यांनी.

मी वाढता वाढता थांबले. विचारलं. आज विचारलंच! "तो आहे कुठे?"

हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाले, "अकोल्याले. जिवंत हाये. मारलं लय, पण जिवंत हाये." आणि मग, "तिले सांगशीन तं माही वर्दी जाईन, आशा."

सांगू नकोस असं नाही म्हणाले.

२० नोव्हेंबर, शनिवार

फाटकाशी गेले. सगळ्यांदेखत तिचा हात धरला आणि सांगितलं — अकोल्याला आहे, जिवंत आहे. नूरबीनं माझा हात कपाळाला लावला. शिपाई धावत आला, माझ्यावरच खेकसला, "बाईसाहेब, हे कोणं सांगतलं तुमाले?"

मी तिचा हात सोडला नाही. मागून, ठाण्याच्या पायरीवरून यांचा आवाज आला —

"म्या सांगतलं."