झोपलेल्या दोनशे बारा माणसांना हलवताना

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा दोन गल्ल्या पलीकडून, म्हणजे सुरक्षित अंतरावरून, नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला कमी झाला का? तुझ्या खिडकीतली कुंडी परवा जाता जाता बाहेरूनच बघितली, तब्येत बरी दिसली तिची. (आत आलो नाही, कारण मी दिसताच तू पडदा ओढलास. वाऱ्यानं सरकला असेल अशी मी स्वतःची समजूत घातली, पण वारा दोन्ही हातांनी पडदा ओढत नाही.) माझं ठीक चाललंय. नळ गळतो, तो गळू दे. हे पत्र मी स्वतःच येऊन तुझ्या दाराखालून सरकवणार आहे. पायाचा आवाज आला तरी दार उघडायची तसदी घेऊ नकोस, पण वाच मात्र शेवटपर्यंत.

तू माझ्याशी बोलायची थांबलीस, रोज सकाळी मला उठवायला करायचीस तो फोनही बंद केलास, त्याला आज दोन महिने नऊ दिवस झाले. तुझा राग मला मान्य आहे. भाऊजींच्या निवृत्तीच्या समारंभात मी चार शब्द बोलायला उभा राहिलो आणि सातव्या मिनिटाला अख्खं सभागृह घोरत होतं. त्यांचे साहेब झोपले, फोटोवाला खांबाला टेकून झोपला, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं ते भाऊजी पुष्पगुच्छ छातीशी धरून अशा शांत चेहऱ्यानं झोपले की दोन बायकांनी घाबरून तुझ्याकडे बघितलं. पण ताई, आवाजच असा मिळाला त्याला मी काय करू? ह्याच आवाजात मी एकोणीस वर्षं भूगोल शिकवला आणि त्या वर्गात पंखा सोडून काही हलत नसे. फोनवर माफी मागितली असती, पण फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी माझ्या दुसऱ्या वाक्याला तुला जांभया येतात. जांभई देणाऱ्या माणसाची माफी कशी मागायची? म्हणून पत्र.

आता मूळ मुद्दा. माझा 'जरा पडतो' नावाचा ग्रुप तुला ऐकून माहीत आहे. (ऐकून म्हणजे, मी सांगायला लागलो की तू 'पुरे' म्हणतेस तिथपर्यंत.) दोनशे बारा माणसं वर्गणी भरून त्यात झोपायला येतात. दुपारी दोनच्या ठोक्याला मी खिडकीशी बसतो, पडदा अर्धा ओढतो, फोन उशीवर ठेवतो आणि चाळीस मिनिटं वाचतो. पाण्याच्या पंपाचं माहितीपत्रक, शिलाई मशीनच्या सुट्या भागांची यादी, आमच्या गृहसंस्थेचे नियम, असं काहीही, ज्यात पुढे काय होणार ह्याची कुणाला उत्सुकता नसते. पाचव्या मिनिटाला पलीकडून श्वास ऐकू यायला लागतात. दोनशे बारा खोल्यांमधले दोनशे बारा श्वास, कुठे लांब एखादा पंखा, कुठे कुणाचा चमचा हातातून गळल्याचा आवाज. ऊन पडद्यातून गाळून जमिनीवर येतं आणि हळूहळू माझ्या पायांपर्यंत सरकतं. त्या वेळी मला वाटतं की मी एक मोठी होडी अगदी हळू, कुणाला धक्का न लावता नेतोय. मग जाग आली की प्रत्येक जण कुठे जाऊन आला ते एका ओळीत लिहितो. 'आज समुद्र कपाटात होता.' 'पिशवीत चुकून ढग आला होता, परत करून आले.' कुणी नुसतंच 'पोचलो' लिहितं. मी सहा वर्षं ह्या ओळी वाचतोय. एकाचंही खरं नाव मला माहीत नाही, पत्ता नाही, फोन नंबर नाही. सगळे टोपणनावांनी येतात. त्यांच्या बोलण्यातून एक दंतवैद्य आहेत, एक लिफ्ट दुरुस्त करणारे आहेत, एक भाषांतर करणाऱ्या बाई आहेत, एवढं कळलंय. ह्याच्यापलीकडे आम्ही एकमेकांचे कोणी नाही, आणि तरी ताई, मला त्यांच्याइतकं जवळचं (तुझ्याखालोखाल) कोणी नाही.

तर हा ग्रुप ज्या अ‍ॅपवर चालतो त्याच्या कंपनीनं महिन्यापूर्वी कळवलं की ह्या रविवारी, म्हणजे परवा, दुपारी बारा वाजता दुकान बंद. जो ग्रुप त्याआधी दुसरीकडे हलेल तो हलेल, बाकी सगळं पुसलं जाईल. रस्त्यात समोर आले तरी मी ज्यांना ओळखणार नाही अशा माणसांना मी शोधू कुठे? सगळ्या दंतवैद्यांसमोर जाऊन आ करून बसू? वरच्या मजल्यावरच्या चष्मेवाल्यांनी धीर दिला. त्यांना यंत्रातलं कळतं (निदान त्यांचा तसा दावा आहे). त्यांनी दुसरं अ‍ॅप निवडलं, तिथे आमची नवीन जागा तयार केली आणि माणसांनी तिथे कसं यायचं ते सतरा पायऱ्यांत लिहून दिलं. मी ती सूचना ग्रुपवर अगदी वर टांगली. आठवडा गेला, कुणी वाचली नाही. वाचणार कसे? आमची माणसं ग्रुप उघडतात तीच आडवी होऊन, डोळे मिटून. उठल्यावर अर्धवट डोळ्यांनी एक ओळ लिहितात आणि जातात. वर काय टांगलंय हे बघायला वर बघावं लागतं.

तेव्हा मी ठरवलं की हे वाचूनच दाखवायचं. आणि इथेच माझी अक्कल गहाण पडली. दोन वाजता, नेहमीच्या खुर्चीत, नेहमीच्या आवाजात मी सुरुवात केली. पायरी पहिली, उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवा. पायरी दुसरी, बोट उचला. पायरी तिसरी... तिसऱ्या पायरीला दोनशे बाराच्या दोनशे बारा झोपले. पंपाच्या माहितीपत्रकालाही इतकं यश कधी मिळालं नव्हतं. उठल्यावर दंतवैद्यांनी लिहिलं, 'तीन ठिपके दिसले, मग बर्फ पडायला लागला.' लिफ्टवाल्यांनी लिहिलं की सहा वर्षांतलं हे सर्वोत्तम वाचन, उद्या हेच पुन्हा घ्यावं. त्याला एकशे साठ जणांनी अनुमोदन दिलं. ताई, मी तुझ्यापासून काही लपवत नाही. कौतुक झालं की मी पाघळतो. लोकाग्रहास्तव मी त्या सतरा पायऱ्या सलग आठ दिवस वाचल्या.

नवव्या दिवशी चमत्कार झाला. म्हणजे मला तो चमत्कारच वाटला. उठल्यावर एकेक जण लिहायला लागला की आम्ही नवीन जागेत जाऊन आलो. भाषांतरवाल्या बाईंना कोपऱ्यातली खोली मिळाली होती, शेजारून नदी जात होती. लिफ्टवाले म्हणाले, लिफ्ट थेट आत येते आणि अजिबात वाजत नाही. कुणी लिहिलं की भिंती निळ्या आहेत पण हात लावला की कोमट लागतात. गॅलरीवरून दोघांचं भांडण जुंपलं, कारण दोघांनाही तीच गॅलरी मिळाली होती. मी मध्ये पडून ती दंतवैद्यांना दिली आणि दुसऱ्याला नदीकडचा जिना दिला. दोन दिवस मी असा घरं वाटत, हवेत तरंगत होतो. भाजी आणायला गेलो तर भाजीवाल्यानं विचारलं, एवढे खुशीत का, तर म्हटलं, नवीन जागेत गेलो. त्यानं विचारलं, किती खोल्या? तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अ‍ॅपला गॅलरी कुठून येणार? घरी धावत येऊन नवीन जागा उघडली. पांढरीशुभ्र, रिकामी. माझ्या नावापुढे एक हिरवा ठिपका, चष्मेवाल्यांच्या नावापुढे एक, आणि मधोमध लिहिलेलं, 'इथे अजून कोणीही बोललेलं नाही.' सगळे मिळून हलले होते खरे, पण झोपेत.

तुला म्हणून सांगतो, ती रिकामी जागा बघत मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. घाबरलो होतो, पण उठवत नव्हतं. मला वाटत होतं की आत्ता कुठूनतरी नदीचा आवाज येईल. नळ गळत होता, त्याचाच येत होता.

मग धावपळ. सोमवारी मी वाचनाच्या मध्येच गजराचं घड्याळ वाजवलं. एकही जागा झाला नाही, पण त्या दिवशी चाळीस जणांच्या स्वप्नात जहाज आलं. मंगळवारी पातेल्याच्या झाकणावर डाव आपटला. त्याची सगळ्यांनी मिळून कुठलीतरी मिरवणूक केली आणि तिच्यात नाचून आले. जुन्या कंपनीला लिहिलं तर त्यांनी उलट टपाली कळवलं की आपली अडचण आम्ही समजू शकतो. (समजू शकणाऱ्यांचं मला फार भय वाटायला लागलंय.) बुधवारी चष्मेवाले म्हणाले, तुम्ही गप्प बसा, मी खणखणीत आवाजात सांगतो. त्यांचा आवाज खरंच खणखणीत आहे. पण आधी चार वाक्यांत त्यांची ओळख करून द्यावी असं मला वाटलं, आणि तिसऱ्या वाक्याला ते माझ्याच पलंगावर आडवे झाले. साडेपाचला उठले, चहा प्यायले आणि म्हणाले, नदी बरीच मोठी आहे हो.

तर अशी माझी परिस्थिती आहे. आज शुक्रवार. तू म्हणशील, झोपाळूंचा कसला तो ग्रुप, बुडाला तर बुडाला. पण ताई, मला आयुष्यात एकच गोष्ट धड करता येते आणि तिची गरज असलेली दोनशे बारा माणसं मला सापडली. ती हरवली तर मी नुसता एक कंटाळवाण्या आवाजाचा माणूस उरेन. भाऊजींना नमस्कार सांग. त्यांना त्या दिवशी झोप चांगली लागली होती का, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. १ : पत्र इतकं लांबवून मी मागायचं तेच विसरलो. तू तीस वर्षं तलावाच्या काठावर उभी राहून पोहायला शिकवलंस. पाण्याखाली गेलेल्या माणसालाही तुझं बोलणं ऐकू जायचं, हे मी स्वतः पाण्याखालून अनुभवलंय. तर तुझा आवाज मला एकदाच, दहा मिनिटांसाठी हवा होता.

ता. क. २ : 'हवा होता' असं लिहिलंय हे तुझ्या नजरेतून सुटणार नाही. पत्रात मी बुधवारपर्यंतचीच हकीकत लिहिली हेही सुटणार नाही. तेव्हा सांगून टाकतो. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला उठवायच्या वेळेला तू झापणारा अकरा मिनिटांचा निरोप फोनवर पाठवला होतास. तो मी जपून ठेवला होता. काल, गुरुवारी, दोन वाजून दहा मिनिटांनी, सगळे गाढ असताना, तुला न विचारता मी तो लावला. 'ऊठ! ऊठ म्हणते ना! दुनिया कुठल्या कुठे गेली आणि हा लोळतोय! आधी तोंड धू, काहीतरी खा, मग माझ्याशी बोल!' ताई, दोनशे बारा माणसं ताडकन उठून बसली. त्यांनी तोंडं धुतली. खरंच धुतली, पाण्याचे आवाज मी ऐकले. दंतवैद्यांनी दोन बिस्किटं खाल्ली. मी फक्त वाट दाखवणारी लिंक समोर ठेवली आणि तोंड उघडलं नाही, एवढाच माझा त्यात वाटा. पंधरा मिनिटांत ती पांढरी जागा भरायला लागली. एकामागून एक ओळी येत होत्या आणि त्यात नदी नव्हती, खोल्या नव्हत्या. सगळ्यांनी एकच लिहिलं होतं. 'आलो, ताई.' 'आले, ताई.' कालच्या दुपारी एकशे अठ्ठ्याण्णव, उरलेले आज सकाळी. सगळे आले. भाषांतरवाल्या बाईंनी तेवढं आणखी एक वाक्य लिहिलं की, एकटी राहायला लागल्यापासून मला गजरच उठवतो, माणसानं तोंड धू म्हणून सांगितल्याला किती वर्षं झाली ते आठवत नाही. मी ते वाचून स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली.

ता. क. ३ : आता खरी अडचण. आज दोनला नवीन जागेत मी पंपाचं माहितीपत्रक वाचलं आणि कोणीही झोपलं नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा. चाळीस मिनिटं दोनशे बारा माणसं टक्क जागी. त्यांचं म्हणणं एकच, उठवायला ताई येणार असतील तर आम्ही पडतो, नाहीतर नाही. ताई, हलवला तरी ग्रुप माझ्या हातून चाललाच आहे. रोज तीनला वीस मिनिटं कमी असताना येऊन एकदा ओरडशील का? झापायला विषय मी रोज पुरवीन.

ता. क. ४ : तुला ती माणसं वेडी वाटतील. मला वाटत नाहीत. तुझ्या निरोपातलं शेवटचं वाक्य मी त्यांना ऐकवलं नाही. 'आजपासून मी तुला उठवायची नाही,' हे. ते माझ्या एकट्यासाठी होतं. दोन महिने नऊ दिवस झाले ताई, मी दोनशे बारा जणांना झोपवतो आणि स्वतः छताकडे बघत पडून राहतो. तू उठवणार नाहीस म्हटल्यापासून मला झोपच लागलेली नाही.