तीनशे अठरा नंबरच्या दोन बायका

प्रताप नगर, नागपूर
१२ डिसेंबर

चि. प्रणालीला आत्याचे भरपूर आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे, म्हणजे मी ठीक आहे, कारण ‘सर्व’ म्हणावं इतकी माणसं सध्या या घरात नाहीत. गुडघा आहे तसाच आहे. तुझी तब्येत कशी आहे ते लिही. पुण्याची थंडी बाधते म्हणतात, पण माझ्या घरी नागपूरचा डिसेंबर सहा वर्षं काढलेल्या मुलीनं तिची तक्रार करू नये. फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर मी काही लिहिलं की तू उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवतेस. एवढी शिकलेली मुलगी आणि अंगठा लावते. मेमध्ये आपलं भांडण झालं तेव्हापासून एकवीस अंगठे आले. कागदावर तुला निदान दोन ओळी लिहाव्या लागतील.

विषय कामाचा आहे. दुसरा कुठलाही गैरसमज करून घेऊ नकोस.

तुला अर्धं माहीत आहे, तरी सगळं क्रमानं सांगते (मी गणितात बी.एस्सी. केलं तेव्हा पायरी गाळली की अर्धे गुण जात). साड्यांच्या रोल-पॉलिशची आपली दोन दुकानं. गांधीबागेतलं आपले जुने कारागीर गणपतराव बघतात, प्रताप नगरचं घराच्या पुढच्या खोलीत मी बघते. एप्रिलमध्ये तू दोन्हीकडे संगणक बसवलेस. गांधीबागेत इंटरनेट दिवसातून चारदा जातं, म्हणून प्रत्येक संगणकानं आपापली गिऱ्हाइकं लिहावीत आणि संध्याकाळी एकमेकांच्या नोंदी जुळवून घ्याव्यात, अशी तुझी योजना. मग मेमध्ये तू म्हणालीस की गिऱ्हाइकाला एक, दोन, तीन असे नंबर देऊ नका, दोन्हीकडचे एकमेकांवर आदळतील. त्याऐवजी तू एक छत्तीस अक्षरांचा नंबर दाखवलास, जो म्हणे जगात दुसऱ्या कुणाला मिळत नाही. मी म्हणाले, आपल्याकडे नवी वही कुंकू लावून एकपासून सुरू होते, मधूनच सुरू होत नाही, आणि दोन्ही दुकानांच्या वह्या नव्या आहेत. तू आणखी काही सांगत होतीस. मी म्हणाले, दुकान माझं, घर माझं, नंबरही माझ्या मनासारखे लागतील. तू नंबर लावून दिलेस आणि पुढच्या आठवड्यात पुण्याची नोकरी घेतलीस.

जाताना संगणकावर चिठ्ठी चिकटवून गेलीस की दोन्ही दुकानं जोडायचं बटण दाबण्याआधी मला फोन करा. दिवाळीनंतर मी बटण दाबलं. फोन केला नाही. (त्या दिवशी तुझा सतरावा अंगठा आला होता.)

साडेसहाशे बायकांच्या सव्वातीनशे झाल्या. एका नंबरच्या दोघी जणी भेटल्या की नाव एकीचं राहिलं आणि पत्ता दुसरीचा. तीनशे अठरा नंबरवर गांधीबागेत रुख्माबाई होत्या. त्यांच्या लग्नातली करवतकाठी टसर, त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या मागावर विणलेली, नातीच्या लग्नासाठी पॉलिशला आली होती. प्रताप नगरात तीनशे अठरा म्हणजे मोनाली, लग्नाला वर्षही झालेलं नाही. रुख्माबाईंची साडी मोनालीच्या घरी पोचली. सासूला वाटलं, सुनेच्या आईनं पाठवली. सुनेला वाटलं, सासूनंच न सांगता दिली. आठ दिवस त्या घरात दोघी एकमेकींना आग्रह करून वाढत होत्या. मग मी साडी परत मागायला गेले. आता ते घर पूर्ववत आहे.

ते आठ दिवस रुख्माबाई रोज गांधीबागेतून दोन ऑटो बदलून माझ्या दुकानात येऊन बसत. पहिल्या दिवशी मी संगणकात त्यांचा पत्ता शोधला, सापडला नाही, आणि तुम्ही यात नाही असं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, “मी इथं तुह्या डोळ्यापुढं बसून राहिली, अन् तुह्या मशीनीत मीच नाई? मंग मी कोण हावो वं?” मी चहा केला. दुसऱ्या दिवसापासून त्या सुपारी कातरत बसत, माझ्या चहाला नावं ठेवत आणि माझ्या दोन जास्तीच्या पोळ्या खात (सहा वर्षांची सवय, कणीक दोघींचीच मळली जाते). साडी मिळाली आणि त्यांचं येणं थांबलं. धंद्याच्या दृष्टीनं चांगलंच झालं. बाकावर आता गठ्ठे ठेवता येतात.

मग उपाय सुरू केले. प्रथम मोबाइलचा नंबर हाच गिऱ्हाइकाचा नंबर धरला. गांधीबागेत सासू, दोन सुना आणि नणंद मिळून एकच मोबाइल देतात, आणि तोही घरातल्या कर्त्या पुरुषाचा. भूपेश नावाच्या गृहस्थांना साहेबांसमोर निरोप गेला की आपल्या चार साड्या आणि एक नऊवारी तयार आहे, ब्लाउज मात्र घट्ट होईल. ते स्वतः येऊन मला बरंच बोलले. मी ऐकून घेतलं, कारण बऱ्याच दिवसांत घरात कुणी एवढं सलग बोललं नव्हतं.

नंतर गणपतरावांनी सुचवलं की गांधीबागेला विषम आकडे, प्रताप नगरला सम. युक्ती बिनचूक होती, गणितानं मी ती तपासली. दहा दिवसांनी लकडगंजच्या एका व्यापाऱ्यानं तिसरं दुकान काढू या म्हटलं. गणपतराव म्हणाले, “आता त्याले कोणते आकडे देता बाई? सम झाले, विषम झाले.” तीननं भागून बाकीप्रमाणे वाटता येतात हे मला ठाऊक आहे, पण प्रत्येक नव्या दुकानाला सगळ्या बायकांचे नंबर पुन्हा बदलायचे, हे मला पटेना.

शेवटी तुझाच छत्तीस अक्षरांचा नंबर लावून घेतला, कोपऱ्यावरच्या संगणक दुरुस्तीवाल्या पियुषकडून. गणपतरावांची पद्धत तुला माहीत आहे. गिऱ्हाइकाचा नंबर कापडाच्या चिंधीवर पक्क्या शाईनं लिहून ती साडीला टाचायची. छत्तीस अक्षरांना वीतभर चिंधी लागली. त्यांचा फोन आला, “बाई, हे नंबर हाये का लग्नपत्रिका? लिहून राहिलो तवापासून अर्धा दिवस गेला, अन् साड्या झाल्या सात.” तो नंबर ते मला फोनवर वाचून दाखवत आणि मधे एक अक्षर चुकलं की आम्ही पहिल्यापासून धरत असू. मला खरं तर घाई नसे.

एक चूक तेवढी सांगायची राहिली. गांधीबागेत पहिला नंबर तुझा होता. पदवीदानाला नेसलेली साडी टाकून बोहनी तूच केली होतीस. प्रताप नगरला पहिला नंबर माझा. तू गेल्यावर तुझा पत्ता मी स्वतः बदलून पुण्याचा केला होता. जोडाजोडीत पत्ता माझा राहिला आणि नाव तुझं. दुकानाच्या हिशेबी प्रणाली अजून प्रताप नगरलाच राहते. बाकीच्या चुका मी एकेक करून सुधारल्या. ही सुधारायला घेतली होती, पण नेमक्या रुख्माबाई आल्या.

तेव्हा प्रश्न असा की गिऱ्हाइकाला नंबर द्यावा तो कोणता. लग्नसराई आहे, घोळ परवडणार नाही. पत्रानं कळवता येत नसेल तर येऊन बसवून दे. तुझे वडील उमरेडहून विचारत होते की आत्या-भाची बोलता की नाही. मी बाबारावला सांगितलं, कामापुरतं बोलतो. ते खोटं ठरू नये एवढंच.

तुझी
आत्या

ता.क. काम निदान चार दिवसांचं आहे असं धरून रजा काढ. शनिवारी पोचलीस तर बरं.

ता.क. दुसरा. पाकीट चिकटवण्याआधी हे गणपतरावांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “हे तं तुमी मागच्याच महिन्यात दुरुस्त केलं ना बाई. पोरीले खोटं काहून लिहून राहिल्या?” म्हणून लिहिते. कपाट आवरताना तुझी निळी वही सापडली. लांब नंबर संगणकानं आतल्या आत वापरायचा, तो माणसांना दाखवायचाच नाही. माणसांसाठी दुकानाचं अक्षर आणि पुढे छोटा आकडा, गां-३१८, प्र-३१८. मेमध्ये तू हेच सांगत होतीस आणि मी मधेच बोलले. तुझं बरोबर होतं. मी जे बोलले ते घराबद्दलही बोलायला नको होतं. पियुषनं वहीप्रमाणे बसवून दिलं, तीन आठवड्यांत एकही साडी चुकलेली नाही. तेव्हा इथे तुझ्यासाठी काम असं काहीच नाही.

ता.क. तिसरा. तरी ये.