शाळेत पाठवलेला बदली

डिंडोली, सुरत
शनिवार, दि. २२ जून १९९६
सकाळचे दहा वाजून दहा मिनिटे

प्रिय लोटू,

सकाळी नऊ पन्नासला लाइट गेली आणि आमच्या खात्यातले, म्हणजे कारखान्यातले, चौसष्ट लूम एकदम गप्प झाले. त्या वेळी मी ताक्यांच्या वहीत कालच्या कापडाच्या ताग्यांची बेरीज तिसऱ्यांदा तपासत होतो. पहिल्या दोन्ही वेळा ती बरोबर आली होती, पण माझा स्वभाव तुला माहीत आहे. कारागीर चहाला बाहेर गेलेत, इतक्या शांततेत माझेच कान मला परके वाटतात, आणि लाइट येईपर्यंत मला कोणी हाक मारणार नाही. तुझं पत्र काल दुपारी सव्वाचारला मिळालं. चार वेळा वाचलं. धुळ्याला डी.एड.ला तुझा नंबर लागला हे पहिल्या ओळीत, आणि तू जाणार नाहीस हे दुसऱ्या ओळीत. मधे एक श्वास घ्यायलाही जागा ठेवली नाहीस. फी भरायची शेवटची तारीख शुक्रवार, २८ जून. ती तू जाऊ देणार, सुरतेला येऊन माझी जागा घेणार, आणि मी बाहेरून दहावीला बसायचं. कारण काय, तर चार वर्षांपूर्वी तुझ्यामुळे शाळेतून माझं नाव कापलं गेलं. लोटू, हे पत्र आज पोस्टात पडलं तर मंगळवारी, फार तर बुधवारी तुला मिळेल. ते पूर्ण वाचल्याशिवाय गाडीत बसू नकोस.

आधी घरचं सांगतो. आप्पांची तब्येत ठणठणीत आहे. हल्ली त्यांनी छपरावरच्या अँटेनाशी वैर धरलंय. रविवारी ते वर चढून ती फिरवतात, आई खालून ओरडून सांगते चित्र आलं की गेलं, आणि गल्लीतली निम्मी माणसं आमचा टीव्ही न बघताच त्याच्यात काय चाललंय ते ऐकतात. सुषमाताईला दुसरी मुलगी झाली. जावईबापूंनी पेढ्यांऐवजी जिलेबी वाटली, म्हणाले, पेढे मोजून द्यावे लागतात. मला शेठनं जानेवारीपासून मेताजीच्या, म्हणजे हिशेबनिसाच्या, गादीवर बसवलंय. ताके मोजायचे, वही लिहायची, पगाराच्या दिवशी पाकिटं भरायची. अजून एकही पाकीट चुकलेलं नाही. त्यासाठी मी प्रत्येक पाकीट दोनदा उघडतो, आणि त्यावरून कारागीर माझी चेष्टा करतात ती वेगळी.

आता जुलै १९९२. सगळं तुझ्या डोळ्यांसमोर झालंय, तरी मला ते क्रमानं लिहू दे, कारण शेवटी मला जिथे पोचायचंय तिथे मी उडी मारून पोचू शकत नाही. आप्पांना कावीळ झाली आणि ते औषध घ्यायला गावी गेले, तीन आठवड्यांच्या पथ्यावर. खात्याचा कायदा तेव्हाही हाच होता. माणूस रजेवर गेला तर त्यानं आपल्या जागी बदली द्यायचा. बदली दिला तर जागा आपली, नाही दिला तर परत येईपर्यंत लूमवर दुसरा माणूस. आप्पांचे आठ लूम जाऊ द्यायचे नव्हते. मी नववीत होतो, पण रोज डबा पोचवता पोचवता तुटलेली धाग्याची तार सांधायला शिकलो होतो. मावशीनं तुला गावाहून आमच्याकडे पाठवून आठच दिवस झाले होते. आठवी पास झालेला, उंचीनं माझ्याएवढा, आणि लूमच्या आवाजाला इतका घाबरलेला, की खात्याच्या दारातून आत यायचा नाहीस. म्हणून आप्पांचा बदली मी झालो.

मग माझ्या जागेचं काय? शाळेत अर्ज देता आला असता हे आज कळतं. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं, की न सांगता दहा दिवस गैरहजर राहिलं की नाव कापतात, आणि जागा वाचवायची तर बदली द्यावा लागतो. आमच्या गल्लीत कोणालाही विचारलं असतं तरी त्यानं हेच सांगितलं असतं. मी विचारलंही होतं. शेजारचे उखाकाका म्हणाले, बदली चांगला दे, नाहीतर मास्तर तक्रार करेल. तर मी तुला पाठवलं. वहीचं एक पान फाडून त्यावर मी तुला सगळं लिहून दिलं होतं: हजेरी क्रमांक ४१, तिसरा बाक, खिडकीकडची बाजू, वडिलांचं नाव दगा, आणि शेवटी दोनदा अधोरेखित करून, हात वर करायचा नाही. वर्गशिक्षक बागूल सर त्याच आठवड्यात नवे आलेले. वर्गात बहात्तर पोरं. जी मला ओळखत होती ती तुला बघून गालातल्या गालात हसली आणि गप्प बसली, कारण त्यातल्या निम्म्यांच्या घरी कोणी ना कोणी कोणाचा तरी बदली होता.

दुसऱ्याच दिवशी तू हात वर केलास. मला संध्याकाळी नळावर सांगितलंस तेव्हा माझ्या हातातली बादली निसटली होती. पण तुला उत्तर येत होतं, मग तू तरी काय करणार? त्यानंतर रोज साडेसातला मी खात्यातून यायचो आणि तू नळावर उभा राहून मला अख्खी शाळा सांगायचास. गणिताचे सर खडू कसा मोडतात, भूगोलाच्या नकाशात तापी किती छोटी दिसते. मी ऐकायचो आणि मला मजा यायची. खरं सांगू? आपल्याच शाळेची मला आधी कधी इतकी मजा आली नव्हती. आणि मी तुला खात्यातलं सांगायचो. तो आवाज पहिले दोन दिवस डोक्यात घुसतो, तिसऱ्या दिवशी त्याची गादी होते. तिथे कोणी तुम्हाला उभं करून प्रश्न विचारत नाही. कोणी विचारला तरी ऐकू येत नाही. तार तुटली की दिसते, सांधली की लूम चालतो. बरोबर की चूक ते लगेच कळतं. पहिल्या पंधरवड्याचे सहाशे दहा रुपये मी आईच्या हातावर ठेवले, तेव्हा तिनं ते देवापुढे ठेवले आणि त्या दिवशी ताट आधी मला वाढलं. तू शेजारी बसून वाट बघत होतास. माझ्या ओठावर मिसरूड आहे हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा जाणवलं. मी ते आरशात तीन वेळा बघून आलो.

तू मात्र शाळेच्या कबड्डीच्या संघात गेलास आणि शाळाशाळांच्या सामन्यात शेवटच्या चढाईत तिघांना बाद करून आलास. संघाचा फोटो फळ्यावर लागला. त्यात मधे तू, आणि खाली नाव वाल्मिक दगा बोरसे. आयुष्यात मी एकच सामना जिंकला आणि त्या वेळी मी लूमवर होतो.

आप्पा परत आले आणि सोमवारी, ३ ऑगस्टला, मी शाळेत गेलो. तू डबा घेऊन गेटपर्यंत सोडायला आला होतास. हजेरीत एकेचाळीस आला, मी उभा राहून हजर म्हणालो, आणि बागूल सरांनी मान वर केली.

"तू कोण?"

"वाल्मिक बोरसे, सर."

"वाल्मिक बोरसे कबड्डी खेळतो. तू कोण?"

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "सर, हा बदली आहे." वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातले सर बघायला आले. बागूल सरांनी माझा दंड धरला आणि मला हेडमास्तरांकडे नेलं, मीच तोतया म्हणून. हेडमास्तरांनी आठवीत आम्हाला मराठी शिकवलं होतं. त्यांनी मला एका नजरेत ओळखलं. मग खरं काय ते विचारलं, मी सगळं सांगितलं, उखाकाकांच्या सल्ल्यासकट, आणि त्यांना हसू आवरेना. चष्मा काढून डोळे पुसले त्यांनी. बागूल सरही हसले, पण जरा उशिरा. नंतर तुला गेटवरून बोलावलं, तुझ्याशी दहा मिनिटं बोलले, आणि सांगितलं की गावाहून आठवी पासचा दाखला आण, तुला तुझ्या नावानं नववीत घेतो. तुला बाहेर पाठवून ते माझ्याशी बोलले. मी बाहेर आलो तेव्हा तू व्हरांड्याच्या खांबाला पाठ लावून उभा होतास, आणि मी तुला म्हणालो, "तुझं झालं. माझं नाव कापलं." तू तिथेच रडायला लागलास. मला रडू आलं नाही, याचं तुला तेव्हा नवल वाटायला हवं होतं.

तेव्हापासून आई हेडमास्तरांवर रुसलेली आहे. रस्त्यात दिसले की ती तोंड फिरवते, आणि तो बिचारा माणूस दरवेळी तिला नमस्कार करतो. आप्पा मला शाळेवरून कधी एक शब्द बोलले नाहीत. आणि तू दहावीनंतर मामांकडे शिंदखेड्याला गेलास तरी शिकवण्यांच्या पैशांतून मला मनीऑर्डरी पाठवत राहिलास. खाली फक्त 'तुझा लोटू' एवढंच. मी त्या घेतल्या. नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागलं असतं.

तर ते आता सांगतो, त्यासाठीच हे पत्र. माझं नाव कापलं नव्हतं. हेडमास्तर मला म्हणाले होते, "तू उद्यापासून येऊन बस. तीन आठवड्यांची हजेरी लागलेलीच आहे, कोणी का लावेना." त्यांनी दिवाळीपर्यंत माझं नाव तसंच ठेवलं. बागूल सर तुला दोनदा म्हणाले होते, त्याला पाठव म्हणून, आणि तू घरी येऊन सांगितलंस, तर मी म्हणालो, दया येते म्हणून बोलतात, कापलेलं नाव कुठे परत जोडतात? मला परत जायचं नव्हतं, लोटू. मला वर्गात उभं राहायची भीती वाटायची, उत्तर येत असलं तरी घसा सुकायचा, आणि लूमवर तो सुकत नव्हता. शाळा सोडतो म्हटलं असतं तर आप्पांनी चामडी सोलली असती. नाव कापलं म्हटल्यावर सगळ्यांनी मला जवळ घेतलं. पंधरा वर्षांच्या पोराला हे फार सोपं वाटलं, आणि पुढे ते दरवर्षी थोडं थोडं अवघड होत गेलं. तू माझी जागा घेतली नाहीस. ती मी सोडली होती, आणि तू तिथे नसतास तर बाक रिकामा राहिला असता, बस. दहावीला बसायचं की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही. बसलो तर इथेच, गादीवर राहून बसेन, त्यासाठी कोणी धुळं सोडायची गरज नाही. आज संध्याकाळी आई-आप्पांनाही सांगणार आहे. चामडी राहिली तर कळवीन. तू शुक्रवारच्या आत फी भर, आणि पहिल्या दिवशी वर्गात जे विचारतील त्याला हात वर कर. लाइट आली, लूम सुरू झालेत, पोस्ट एकला बंद होतं, आता जातो.

तुझाच,
वाल्मिक

हिशेब, दि. २२ जून १९९६ पर्यंतचा:
तुझ्या मनीऑर्डरी ७, प्रत्येकी ५० रु. : ३५० रु.
आज मनीऑर्डरनं तुला परत (फीला लाव) : ३५० रु.
मनीऑर्डरचं कमिशन, माझ्याकडून : १८ रु.
पाकीट : १ रु.
एकूण खर्च : ३६९ रु.
लोटूकडून येणं : काही नाही. कधीच नव्हतं.