दगडावर आखलेलं नाव

मंगळवार, ता. ९
कारखान्यातून, दुपारी

ती. अप्पा,

नमस्कार. पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकला असाल. घाबरू नका, सगळं ठीक आहे. म्हणजे आजच्या दिवसापुरतं ठीक आहे.

मी कोरायचं मशीन आणलं आणि तुम्ही छिन्न्या पिशवीत भरून आक्काकडे निघून गेलात, त्याला दोन वर्षं झाली. ना तुम्ही लिहिलंत, ना मी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो आपल्या दोघांचाही. मशीन सहा महिन्यांतच बंद पडलं. आक्काला सांगू नका, हसेल.

तुम्हाला नात झाल्याचं तिने सांगितलंच असेल. सातव्या महिन्यातच आली. आज एकोणीस दिवसांची आहे आणि अजून दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे. वजन सव्वा किलो, नाकात नळी. पेटीला हात घालण्यापुरतं गोल दार आहे. नखांत दगडाची भुकटी राहते म्हणून मी तीन-तीनदा हात धुतो, आणि तरी तिला बोट लावायला धजत नाही.

पेटीवरच्या कार्डावर नाव नाही, नुसतं 'मुलगी' लिहिलंय. नाव तसं ठरलेलं आहे, अडलंय ते वेलांटीवर. तुमची सून म्हणते दुसरी वेलांटी, म्हणजे हाक लांबवर मारता येईल. माझं म्हणणं पहिली. पहिल्या वेलांटीने नाव भरीव दिसतं. निदान आधी माझं तसं म्हणणं होतं. आता ती विचारते, "पहिली की दुसरी?" आणि मी म्हणतो, "बघू." काल सिस्टरने बजावलं, सोमवारपर्यंत कागदावर नाव हवं. त्यावर तुमची सून जे बोलली ते तुम्हाला लिहायला लाज वाटते. "मुलगी झाली म्हणून नाव लिहायला तुमचा हात उठत नाही का?" मी हात धुवायला निघून गेलो. खरं कारण सांगितलं असतं तर ती तिथेच कोसळली असती.

तुमचा दमा कसा आहे? आक्काच्या जिन्याला कठडा बसवला का?

अप्पा, आता लिहितो.

शनिवारी तुमची सून दवाखान्यात होती. मी कारखान्यात एकटा. डोक्यात सारखं पहिली की दुसरी, पहिली की दुसरी. समोर परवाच घासून ठेवलेला काळा दगड होता. मी खडू घेतला. पट्टीने रेघा आखल्या आणि तिचं नाव लिहिलं. वर पहिल्या वेलांटीचं, खाली दुसऱ्या वेलांटीचं. मग तुम्ही शिकवलंय तसा तीन पावलं मागे गेलो, एक डोळा मिटला आणि मोठ्याने म्हणालो, "छान बसलंय."

त्यानंतर मला कळलं की मी काय केलंय. खाली पोत्यावरच बसलो.

आपल्या दगडावर गेलेल्या माणसांचीच नावं येतात, हे मी तुम्हाला काय सांगू? वीस वर्षांची सवय. जित्याची खोड म्हणतात ना... पुढचं लिहीत नाही.

लगेच फडकं ओलं केलं. हात दगडापर्यंत गेला आणि तुमचा आवाज ऐकू आला. मी बारा वर्षांचा असताना एक आखलेलं नाव पुसलं होतं आणि तुम्ही माझा कान पिरगाळून म्हणाला होतात, "दगडावर आलेलं नाव पुसायचं नाही. पुसलं की माणूस दुसऱ्यांदा जातो." ही माझी पोर अजून धड आलेलीसुद्धा नाही, अप्पा. पुसू कसं? आणि राहू तरी कसं देऊ? इकडे आड, तिकडे विहीर. वेलांटी कुठलीही निवडली तरी ते नाव दगडावर आहेच. तिसरी वेलांटी कुठून आणू?

दगडावर पोतं टाकलंय. त्या कोपऱ्यात मी जात नाही. दवाखान्याचा फोन वाजला की आधी माझी नजर त्या पोत्याकडे जाते.

एवढंच सांगा. ते खरं होतं, की मला दटावायला म्हणाला होतात?

तुमचा,
खूप घाबरलेला मुलगा


शुक्रवार, ता. १२

चि. बाळ,

अक्षर वाकडं आहे, चालवून घे. आक्काला सांगून लिहून घेतलं असतं, पण पुढे लिहितो ते तिलाही ठाऊक नाही.

तू पुसलेलं ते नाव एका म्हाताऱ्याच्या मुलाचं होतं. नाव कसं लिहायचं ते विचारायला मला पुन्हा त्याच्या दारात जावं लागलं. तो पुन्हा पहिल्यापासून रडला. म्हणून तुला तसं म्हणालो. तोंडाला आलं ते बोललो. नियम-बियम काही नाही.

आता दुसरं ऐक. तुझ्या आईचा दगड केला तेव्हा मी दार लावून घेतलं होतं, आठवतं? तुला वाटलं मी काम करतोय. मी तिचं नाव आखत होतो आणि पुसत होतो. सात वेळा. सरळ येतच नव्हतं. ती एकदाच गेली रे. पुसल्याने कुणी जात नाही, आणि न पुसल्याने कुणी थांबत नाही. तसं असतं तर मी ते नाव कधी कोरलंच नसतं, नुसतं खडूने ठेवलं असतं.

भीती मलाही वाटते. सव्वा किलो म्हणजे माझ्या हातोडीएवढी पोर. पण ती भीती दगडाची नव्हे.

वेलांटीचं सुनेवर सोड. पोटात तिने वाढवली, हाकही तीच जास्त मारणार. आणि तिला खरं कारण सांग. मुलगी नकोशी आहे असं तिला वाटू देऊ नकोस, ते दगडापेक्षा वाईट.

रविवारी सकाळच्या गाडीने येतो. फडकं ओलं करून ठेव, पुसायचं मी बघतो. मग दोघं हात धुऊन दवाखान्यात जाऊ आणि त्या गोल दारातून आधी तू हात घालायचास.

खाली एक जागा रिकामी सोडली आहे. सोमवारी कागदावर नाव लागलं की मी स्वतः भरीन. पेनाने.

............ चे आजोबा