चौथी ओळ

मनमाड
१२ जानेवारी १९९७

चि. चैतालीस,
ताईचे अनेक आशीर्वाद. आई-अण्णांना सविनय जयभीम वि. वि.

तुला शाळेत तात्पुरती का होईना नोकरी लागली हे वाचून तुझ्या दाजींनी वर्कशॉपमध्ये पेढे वाटले. मेहुणी बी.ए. आहे हे त्यांनी तिथे इतक्या वेळा सांगितलं आहे, की लोक आता त्यांनाच बी.ए. म्हणतात.

इकडचं सांगायचं तर मला पुन्हा दिवस गेले आहेत. तिसरा संपला. सरिताच्या वेळी माझ्या छातीत पाणी झालं होतं ते तुला आठवत असेल. तू तेव्हा दहावीला होतीस आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून भूगोल पाठ करत होतीस. हृदयाची ती झडप अजून तशीच आहे. नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, की हे मूल ठेवू नका, तुमचं शरीर नऊ महिने काढणार नाही. पाचव्या महिन्याच्या आत या, नंतर तेही जोखमीचं आणि कायद्याचीही अडचण.

आत्याबाई नाही म्हणतात. धम्म घेतला तो काय भिंतीवर टांगायला, पहिलंच शील मोडायचं का, असं विचारतात. आपल्या आईच्या शब्दाबाहेर हे जात नाहीत. नुसते बशीतल्या चहाकडे बघत बसतात. तू दर रविवारी विहारात मुलांना पंचशील शिकवतेस. मला सांग, जीव कधीपासून धरायचा? हे प्राणिहत्येत बसतं का? तुला खरं वाटतं तेच लिही. मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस.

लोभ आहेच, त्यात काटकसर नको.
तुझी ताई,
मोहिनी


नाशिकरोड
१८ जानेवारी १९९७

सौ. मोहिनीताईस,
चैतालीचा सप्रेम जयभीम वि. वि.

तू एवढा मोठा प्रश्न मला विचारलास याचा अभिमान वाटला. नाव न घेता मी शिक्षकांच्या खोलीत विषय काढला, तर मधली सुट्टी कमी पडली. वत्सलाबाई म्हणाल्या, त्यांच्या घरच्या पोथीप्रमाणे जीव सातव्या महिन्यात येतो. शेख मॅडमनी सांगितलं, की चार महिन्यांनी रूह, म्हणजे आत्मा, फुंकली जाते. पण म्हणून त्याआधी काहीही केलेलं चालतं असं कोणी समजू नये. विज्ञानाच्या सरांचा सगळा भर हृदयाच्या ठोक्यावर होता, पण तेवढ्यात आपला डबा कोणी उघडला ते बघायला ते उठून गेले. संध्याकाळी विहारातल्या भन्तेजींना विचारलं. ते म्हणाले, गर्भ राहिल्यापासूनच माणूस धरायचा.

मी पुष्कळ विचार केला. सातवा महिना म्हणा, चौथा म्हणा किंवा पहिला ठोका म्हणा, रेघ कुठेही ओढली तरी तिच्या अलीकडचा दिवस आणि पलीकडचा दिवस यांत मला फरक सापडत नाही. म्हणून प्रामाणिकपणे सांगायचं तर जीव पहिल्या दिवसापासून आहे आणि पहिलं शील तिथे लागू होतं. आपल्या सोयीने वाकवलं तर ते शील राहत नाही.

तब्येतीचं डॉक्टरीणबाई बघतीलच. जिन्याची चढ-उतार कमी करत जा.

आहे तो लोभ तसाच ठेव.
तुझी,
चैताली


मनमाड
२७ जानेवारी १९९७

चि. चैतालीस,
ताईचे आशीर्वाद वि. वि.

पत्र पोचलं. या घरात पत्र एकट्याचं नसतं हे तुला सांगायचं राहिलं. संध्याकाळच्या चहाला हे पत्र फोडतात आणि सभेत वाचावं तसं मोठ्याने वाचतात. आत्याबाई डोक्यावर पदर घेऊन ऐकतात. वाचता वाचता हे तुझ्या ‘लागू होतं’पर्यंत आले. आत्याबाईंनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, दोन्ही घरांत एवढी शिकलेली ही एकच पोर, तिनं लिहिलं म्हणजे झालं. दुसऱ्या दिवशी नळावरही सांगून आल्या.

तुझ्यावर राग नाही. खरं लिही असं मीच म्हटलं होतं. निबंध म्हणून तो चांगलाच आहे. मी मात्र त्यात शेवटच्या ओळीत आहे, जिन्याशेजारी.

हल्ली आडवं झालं की गुदमरायला होतं, म्हणून बसूनच झोपते. सरिता माझ्या पाठीशी उशा रचते आणि बाहुलीलाही तशीच टेकवून झोपवते. मला मरायचं नाही, चैताली. हे आत्याबाईंना सांगता येत नाही, कारण मर असं त्यांनी कुठे म्हटलंय?

हे पत्र यांनी वाचून स्वतःच पाकिटात घातलं आहे.

लोभ आहे तो वाढव.
तुझी ताई,
मोहिनी


नाशिकरोड
१ फेब्रुवारी १९९७

ती. आत्याबाई यांस,
चैतालीचा सविनय जयभीम वि. वि.

दाजी, हे पत्र सावकाश वाचा आणि मधलं काही गाळू नका.

आत्याबाई, मागच्या पत्रात मी पोटातल्या जिवाचा विचार केला आणि जिच्या पोटात तो आहे तिला जिना जपून चढ एवढं सांगून मोकळी झाले. ते पत्र टाकण्याआधी अण्णांनी वाचलं असतं तर फाडलं असतं, असं ते म्हणाले. चार दिवस ते माझ्याशी मोजकंच बोलत होते.

त्यांचं म्हणणं असं, की शील हा एकाने दुसऱ्याला लावायचा कायदा नव्हे. मी घेते, मी पाळते, माझ्याकडून मोडलं तर माझं मोडतं. ताईच्या वतीने ते तुम्हाला घेता येत नाही आणि मलाही नाही. पोटात जीव आहे असं मी आजही मानते. ते मागे घेतलं तर तुम्हाला बरं पटेल, पण मला खोटं लिहिता येणार नाही. मात्र दोघंही वाचतील असा रस्ता डॉक्टरीणबाईंकडे नाही. ताईच राहिली नाही तर मूल कुठून राहणार?

काय करायचं ते ताईने ठरवावं. तुम्ही तिला मोकळं करा, एवढंच मागते.

तुमची माया आजवर होती तशीच राहू द्या.
आपली,
चैताली


मनमाड
९ फेब्रुवारी १९९७

चि. चैतालीला आक्काबाईचा आशीर्वाद.

मी सांगते आन् मोहिनी लिहिते. (आत्याबाई सांगतात तसंच लिहिते आहे. दर ओळीनंतर वाचून दाखवायला लावतात.)

पोरी, तुझं पहिलं पत्र एक म्हणतं आन् दुसरं दुसरंच. एवढं कॉलेजात जाऊन असंच शिकवत्यात का? (हेही लिही म्हणाल्या.) मी काय शाळंत गेले नाय. आमच्या निफाडाकडं बाया म्हणायच्या, पोटात हाललं की जीव. त्याच्या आधी नुसतं पोट. तुमचा पहिला दिवस मला कळत नाय आन् त्यो ठोका बी नाय. मला माझा हात कळतो. लय बायांच्या पोटावर ठेवलाय.

मोहिनी माझ्या डोळ्यापुढं वाळत चालली, ते मला दिसत नाय व्हय? मी काय तिची वैरीण हाय? (इथे त्या उठून सरिताचा फ्रॉक उगाच झटकून आल्या.)

मी हातानं बघंन. हाललं नसंल तर माझ्या रवीला सांगंन, हिला घेऊन जा. हाललं असंल तर माझ्या तोंडातनं हो येणार नाय. आन् मी खोटं बोलत नाय. विहारात रोज म्हणते मी ते चौथं शील.

तुझ्या आईला म्हणावं, पापडाचं पीठ मी घेऊन येईन, तिनं बाजारचं आणू नये. बाकी बरं हाय. तुमी बी मायेनं ऱ्हावा.

आक्काबाई
(अंगठा लावते म्हणत होत्या, नको म्हटलं.)


मनमाड
२६ मार्च १९९७

चि. चैतालीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी स्वतः स्टेशनवरच्या पेटीत टाकणार आहे. एकटी असताना वाच. उत्तरात याचा उल्लेख करू नकोस, कारण उत्तर चहालाच वाचलं जाईल.

ऑपरेशननंतर महिनाभर तुमच्याकडे राहिले, पण सांगायला तोंड उघडलं नाही. नाशिकला यायच्या आदल्या दुपारी आत्याबाईंनी तेल कोमट केलं, मला भिंतीला टेकवून बसवलं आणि पोटावर हात ठेवला. मला आधी एक-दोनदा हालल्याची शंका आली होती. त्यांचा हात तिथे असतानाच आत हाललं. ओंजळीत मासोळी वळावी तसं. थोड्या वेळाने पुन्हा. मी ही अशी हाडकुळी. त्यांच्या हाताला ते लागलं नाही असं होणार नाही. हात त्यांनी काढला नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या भिंतीकडे पाहत होत्या.

मग उठल्या, हात पुसले, तांब्या भरून मला पाणी दिलं आणि बाहेर जाऊन यांना म्हणाल्या, की काही हाललं नाही, उद्याच्या गाडीने ने.

मीही काही बोलले नाही. त्यानंतर आम्ही दोघींनी हा विषय काढलेला नाही.

परवा पौर्णिमेला आम्ही विहारात गेलो. पहिल्या ओळीला, प्राणिहत्येपासून दूर राहीन म्हणायचं तिथे, माझा आवाज निघेना. शेजारी आत्याबाई होत्या. त्यांनी ती ओळ इतक्या मोठ्याने म्हटली, की पुढच्या बायकांनी वळून पाहिलं. दुसरी, तिसरी म्हटली. चौथीला त्या गप्प झाल्या. हात जोडलेले, ओठ मिटलेले. खोटं बोलणार नाही ही ओळ मी म्हटली. पाचवी दोघींनी म्हटली.

येताना त्यांनी मेथी घेतली आणि जुडी लहान आहे म्हणून भाजीवालीशी भांडल्या.

आता आडवी होऊन झोपते. सरिता बाहुलीला मात्र अजून बसवूनच झोपवते.

तुझी ताई,
मोहिनी


नाशिकरोड
२ एप्रिल १९९७

सौ. मोहिनीताईस,
चैतालीचा सप्रेम जयभीम वि. वि. ती. आत्याबाई आणि दाजींना सविनय जयभीम.

तू गेल्यापासून तुझं एकही पत्र नाही, म्हणून मीच लिहिते.

इकडे सर्व ठीक आहे. आत्याबाईंच्या पिठाचे पापड आईने काल गच्चीवर घातले. अण्णा राखण करता करता चार खाऊन बसले आणि कावळ्यांवर ढकललं. शाळेत परीक्षा सुरू आहेत. शेख मॅडम आणि वत्सलाबाई यांचा तो वाद अजून मिटलेला नाही, आता दोघी त्यासाठी डबा एकत्र खातात.

दाजी, पुढचं आत्याबाईंना जरा सावकाश वाचून दाखवा. माझ्या रविवारच्या वर्गात एखादं मूल पंचशील म्हणता म्हणता अडलं, की मी ती ओळ सांगून त्याला पुढे ढकलत असे. या रविवारपासून ते सोडलं. अडलेलं मूल हात जोडून गप्प राहतं, शेजारचं मूल ती ओळ म्हणतं, आणि पुढच्या ओळीला दोघांचा आवाज पुन्हा मिळतो. मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, की जो गप्प राहिला त्याचं शील धरायचं का. मी तिला सांगितलं, धरायचं.

सरिताला पापा. बाहुलीला झोपेल तशी झोपू दे.

तुम्हा सर्वांचा लोभ आहे, तो असाच असू द्या.
तुझी,
चैताली