सागवानी फ्रेममधलं नाव

सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४

आलो एकदाचा नाशिकला. दोन ट्रंका, एक गादी आणि पट्ट्या कापायची करवत, एवढाच संसार. तोही मालेगावच्या कंडक्टरने कपाळाला आठ्या घालूनच गाडीत चढू दिला. मनोज स्टँडवर घ्यायला आला होता. तो माझा मावसभाऊ. रविवार कारंज्याजवळ त्याचं फोटोफ्रेमचं दुकान आहे. दुकान त्याचं आणि हात माझे, असं ठरलंय. वीस वर्षं मालेगावात हेच केलं, तेव्हा काम तरी ओळखीचं आहे.

खोली दुकानाच्या वरच मिळाली. सकाळी खाली बायका शेवंतीच्या पाट्या घेऊन बसतात, वास वरपर्यंत येतो. माझी लेक दिशा इथेच नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहते. बाप गावात आला म्हणून ती इतकी खूश, की येऊन खोली झाडली, पडदासुद्धा लावला. ही वही तिनेच दिली. म्हणाली, पप्पा, झोप येत नाही ना, मग लिहीत जा.

पहिला खिळा ठोकला तो ज्योत्स्नाच्या फोटोसाठी. बायको जाऊन दीड वर्ष झालं. लोकांच्या माणसांचे दहाव्याचे फोटो मी शेकड्यांनी मढवले, पण या एका फ्रेमचा कोपरा काही जुळला नाही, फट राहिली ती राहिलीच. ज्योत्स्नाने पाहिली असती तर म्हणाली असती, बरं शे. ती सटाण्याकडची, तिच्या तोंडी 'आहे'चं 'शे' व्हायचं. भाजी करपली तरी बरं शे, गाडी चुकली तरी बरं शे. आणि मी घराबाहेर पडताना दारातून, बरं शे ना?

खोली छान आहे. इथे जमेल असं वाटतं.

रविवार, १७ नोव्हेंबर

जमत नाही. म्हणजे काम जमतं, झोप जमत नाही. दीड वर्ष दोन तासांच्या वर डोळा लागलेला नाही. अंग कसं, ओल्या गोणपाटासारखं झालंय. काल एका गिऱ्हाइकाच्या आजोबांची काच दोनदा चुकीची कापली. संध्याकाळी चहा घेताना मनोज म्हणाला की इंदिरानगरला एक मॅडम आहेत, आशा मॅडम, आपलं जुनं गिऱ्हाईक. समुपदेशन करतात. त्यांच्याकडे गेलेली माणसं घोरायला लागतात म्हणे.

मी म्हटलं, मी काय वेडा आहे का. मग जिना चढताना मध्येच बसलो, आणि उठवेना. जाऊन येतो.

बुधवार, २७ नोव्हेंबर

गेलो. पहिल्या मजल्यावरचा साधा फ्लॅट आहे, दारात चपलांचं कपाट, आत दोन वेताच्या खुर्च्या. मॅडम पन्नाशीच्या असतील. बोलणं पुण्याच्या रेडिओवरच्या बाईसारखं स्वच्छ. भिंतीवर त्यांचं प्रमाणपत्र होतं. मी आधी फ्रेमच पाहिली. अस्सल सागवान, बिनफटीचे कोपरे. आत शाईने हाताने लिहिलेलं नाव: आशा. अक्षर गोल, बाळबोध, आणि आडनाव नव्हतं. जुन्या कागदांवर नसेल लिहीत, असं मनाशी म्हटलं. असली फ्रेम करून घेणारा माणूस खोटा कसा असेल.

तासभर मी बोललो आणि त्यांनी ऐकलं. शेवटी त्यांनी जाड कागदाची एक पट्टी पुढे केली आणि सांगितलं, तुमच्या माणसाचं नाव सुवाच्य अक्षरात लिहा आणि इथेच ठेवून जा. घरी ते नाव घ्यायचं नाही, वहीतही लिहायचं नाही. ओझं माझ्याकडे राहील. मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

घरी आल्यावर सहा तास झोपलो. उठल्यावर रडूच आलं, बरं वाटलं म्हणून.

शनिवार, १४ डिसेंबर

तीन आठवडे होत आले. आठ-आठ तास झोपतो. वजन वाढलं. मनोज चिडवतो, म्हणतो, नवनाथ, आता तुझीच फ्रेम मोठी करावी लागणार. दर बुधवारी तिच्याबद्दल एक गोष्ट मॅडमना सांगतो आणि हलका होऊन परत येतो. चहा ती बशीत ओतून आधी मला द्यायची, ते सांगितलं. तवा लागून तिच्या डाव्या मनगटावर अर्धगोल डाग पडला होता, तेही सांगितलं.

दिशा आली होती. तिला आईच्या पद्धतीची कढी करायची होती. आई फोडणीत आधी काय टाकायची, असं तिने विचारलं. मला आठवेना. वीस वर्षं खाल्ली ती कढी. दिशाने हसण्यावारी नेलं, मीही नेलं.

मंगळवार, ३१ डिसेंबर

तिचा आवाज आठवत नाही. शब्द आठवतात, आवाज नाही. दमलेल्या माणसाचं असं होत असेल. पण मी आता दमलेलो नाही, हीच तर अडचण आहे.

आणि एक. गेल्या बुधवारी मॅडमनी चहा केला. कप माझ्यासमोर ठेवला, मग उचलला, बशीत ओतला आणि बशी मला दिली. मी ती प्यायलो. निघताना त्या दारात आल्या आणि म्हणाल्या, बरं शे ना?

ही ओळ मी त्यांना कधी सांगितली नव्हती. नव्हतीच सांगितली. निदान आठवत तरी नाही.

गुरुवार, ९ जानेवारी २०२५

मॅडमनी प्रमाणपत्राची फ्रेम दुकानात पाठवली. काच तडकली आहे, बदलून द्या, आणि सोबतच्या पाकिटातलं नवीन नाव चिकटवा, असा निरोप. मनोज म्हणाला, हे त्यांचं नेहमीचं आहे, त्याच्या वडिलांच्या वेळीही फ्रेम यायची. कोणी विचारलं नाही. आमच्या धंद्यात विचारायचं नसतंच, माणूस आणेल तो कागद मढवायचा. मीच हे विसरलो होतो. फ्रेम पाहून आतल्या कागदावर विश्वास ठेवला, तोही वीस वर्षं फ्रेमा करणाऱ्या माणसाने.

मागचा हार्डबोर्ड काढला. आम्ही फ्रेमवाले आतल्या बाजूला पेन्सिलने तारीख टाकतो. तिथे तीन तारखा होत्या, तीन वेगवेगळ्या हातांच्या, आणि प्रत्येकीपुढे तेच: नाव बदललं.

'आशा' ही चिकटवलेली पट्टी होती. ते गोल अक्षर तिसरी-चौथीतल्या मुलाचं आहे, हे आता हातात घेतल्यावर कळलं. कुठल्या तरी पोराने आपल्या आईचं नाव लिहिलंय. खाली दुसरी पट्टी, म्हाताऱ्याच्या कापऱ्या अक्षरात: भागीबाई. त्याखाली आणखी एक, शाई पुसट: नवसाबाई. सगळ्यात खाली मूळ कागदावर नावाची जागा कोरीच होती.

मग पाकीट उघडलं. आत माझी पट्टी होती. माझं अक्षर.

रविवार, १२ जानेवारी

दिशाला सगळं सांगितलं. ती माझ्यापेक्षा शहाणी. प्रमाणपत्राचे फोटो काढून घेतले, कॉलेजातल्या सरांना दाखवले. असली पदवी देणारी संस्थाच नाही, नोंदणी क्रमांक एका दातांच्या डॉक्टरचा आहे, आणि शिक्का झेरॉक्सचा, असं ते म्हणाले. दिशाने मॅडमना थेट फोनही लावला. फोन ठेवून म्हणाली, पप्पा, आईसारखा आवाज आहे.

तक्रार करायची म्हणते. आता तिकडे जायचं नाही, अशी माझ्याकडून शपथ घेतली.

बुधवार, १५ जानेवारी

शपथ मोडली. माझी पट्टी चिकटवणार नाही, माझ्याकडेच ठेवतो, हे तोंडावर सांगायला गेलो. तुम्ही डॉक्टर नाही, हेही सांगितलं.

त्या रागावल्या नाहीत. दमल्यासारख्या दिसल्या, माझ्यापेक्षाही जास्त. म्हणाल्या, मी डॉक्टर आहे असं मी कधी म्हटलं? कागदाने कोणी बरं होतं का? तुम्हाला झोप हवी होती, ती दिली. कोणाकडे तरी ठेवल्याशिवाय ओझं उतरत नाही. पट्टी न्यायची तर न्या, पण मग सगळंच न्यायचं, झोप न येणंसुद्धा.

हे बोलताना त्यांनी पदर सारखा केला. डाव्या मनगटावर डाग होता. अर्धगोल.

पट्टी खिशातच होती, तशीच परत घेऊन आलो.

सोमवार, २० जानेवारी

पाच दिवस. डोळा नाही. पण कढी आठवली. आधी मेथीदाणे, मग लसूण. दिशाला फोन करून सांगितलं, ती रडली. तिचा आवाजही आठवला, माझ्या बायकोचा. आणि मग बाकीचंही आलं. हॉस्पिटलातला शेवटचा आठवडा, नाकातली नळी, माझा हात धरून तिने मागितलेलं पाणी, आणि डॉक्टर नको म्हणाले म्हणून मी न दिलेलं. सारखं तेच. काच कापताना बोट कापलं. दिशा म्हणते, पप्पा, सहन करा, मी आहे ना.

तिला काय सांगू. माझ्यात आता काही उरलं नाही. एकदा फक्त झोपायचंय —

शुक्रवार, २४ जानेवारी

चिकटवली. नवी काच बसवली. पेन्सिलने तारीख टाकली, पुढे लिहिलं, नाव बदललं. कोपरे असे जुळले की फट शोधून सापडणार नाही. मनोजच्या हाती फ्रेम पाठवून दिली.

झोपलो. चौदा तास.

बुधवार, २९ जानेवारी

ज्योत्स्ना मॅडमकडे जाऊन आलो. छान वाटलं. बशीतून चहा घेतला.

दिशा आली होती. का चिडली, कळलं नाही. तक्रार, पोलीस, असं काहीतरी म्हणत होती. कशाबद्दल?

रविवार, २ फेब्रुवारी

दिशा भिंतीवरच्या फोटोपुढे उभं करते. म्हणते, पप्पा, ही कोण? मी म्हटलं, अगं, मॅडम आहेत. ती बसूनच राहिली —

मला बायको होती. एवढं आहे. ती सटाण्याची. ती म्हणायची — काहीतरी म्हणायची, दारातून —

बुधवार, ५ फेब्रुवारी

दिशाने आज सोडलंच नाही. दाराला आतून कडी लावली. आईचं नाव सांगा, मग जा, म्हणते. रडतेय. हातात वही दिली, म्हणते, पहिलं पान वाचा, तुम्हीच लिहिलंय.

वाचलं. माझंच अक्षर. 'पहिला खिळा ठोकला तो ज्योत्स्नाच्या फोटोसाठी.'

मॅडमचा फोटो मी माझ्या खोलीत कशाला लावेन? तेव्हा तर मी त्यांना ओळखतही —

जिन्यात कोणीतरी आलंय. कडी वाजवतंय. बरं शे ना, असं विचारतंय. दिशा एकदम उठली, 'आई!' असं म्हणाली —

थांब, पोरी, उघडू नकोस, ती तुझी आई नाही. तुझ्या आईचं नाव मला माहीत आहे. सोपं आहे. तिचं नाव —